शब्दवेध : स्नायू

कोपर दाराच्या चौकटीवर आपटताच करंगळीपर्यंत जी झिणझिणी धावते, तिच्याविषयी ‘स्नायू दुखावला’ असे मी वारंवार ऐकतो. वस्तुतः तेथे दुखावतो तो मानेतून निघून, दंडातून उतरून, कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे त्वचेला लागूनच जाणारा मज्जातंतू. या घोटाळ्याचे मूळ प्राचीन आहे. सुश्रुताने 900 स्नायू सांगून त्यांतील 600 हातापायांच्या वाट्याला दिले, परंतु त्याच्या लेखी स्नायू म्हणजे नावेच्या फळ्या आवळणाऱ्या दोरांप्रमाणे सांधे बांधणारे बंध होत. ग्रीकांचा ‘न्यूरॉन’ आणि रोमनांचा ‘नेर्वुस’ हे याच शब्दाचे सहोदर, आणि त्यांचाही मूळ अर्थ कंडराच. पुढे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने शवविच्छेदन करून संवेदनावाहक धागे निराळे ओळखले, तेव्हा ते नाव हळूहळू या धाग्यांच्या खाती जमा झाले. बंगालीत ‘स्नायु’ आज त्याच अर्थी नांदतो. मराठीच्या दप्तरी मात्र त्याची नोंद मांसपेशी अशी झाली. बोलीतली ‘नस’ तर मज्जातंतू आणि रक्तवाहिनी दोहोंना सरसकट लावण्याची वहिवाट आहे. तेव्हा वैद्यांपुढे हाताची तक्रार मांडताना नुसते ‘नस आखडली’ न म्हणता, मुंग्या कोणत्या बोटाला येतात तेवढे अवश्य सांगावे.