मानमोडीची साथ आणि वस्तीचा प्रश्न

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्ग व मनीषनगर यांच्यामधून जो लोहमार्ग जातो, तो मुंबई–नागपूर हा जुना मार्ग होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे याच मार्गाने 1867 साली नागपुरास पोहोचली. त्या काळी आजच्या मनीषनगराच्या जागी शेते होती. या रुळांवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीकडे गेला आणि 1918 साली मुंबईत भडकलेली इन्फ्ल्युएंझाची साथ अशाच लोहमार्गांनी देशाच्या अंतर्भागात शिरली. पुढे 23 एप्रिल 2021 रोजी विशाखापट्टणमहून निघालेली प्राणवायूची गाडी नागपुरात 3 टँकर उतरवून उरलेल्या 4 टँकरांसह नाशिककडे रवाना झाली. रोग आणि उपचार दोन्ही वाहून नेणाऱ्या या मार्गाच्या कडेला उभे राहून महामारीच्या इतिहासाकडे पाहताना एक प्रश्न प्रथम विचारावा लागतो. मेले कोण?

1918 च्या साथीस महाराष्ट्रातील लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. जून 1918 मध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र भयंकर ठरली. 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानातील बळींचा तत्कालीन सरकारी अंदाज सुमारे 60 लाखांचा होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो 1 कोटी 20 लाखांपासून 2 कोटींपर्यंत नेला आहे. आजच्या भारताच्या सीमांत मोजलेली लोकसंख्या 1911 साली सुमारे 25.21 कोटी होती. 1921 साली ती 25.13 कोटी भरली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक आहे.

या प्रचंड आकड्यांपेक्षाही एक लहानसा तक्ता अधिक बोलका आहे. मुंबई शहरातील या साथीचे दर हजारी मृत्युप्रमाण समाजवार नोंदले गेले. युरोपियनांत ते 8.3, पारशांत 9, सवर्ण हिंदूंत 18.9 आणि मुसलमानांत 19.2 होते. ज्यांना त्या काळचे अधिकारी ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत, त्यांच्यात ते 61.6 होते. म्हणजे सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून अधिक आणि युरोपियनांच्या सातपटीहून अधिक. जंतूला जात कळत नाही हे खरे. परंतु एका खोलीत किती माणसे झोपतात, नळ किती दूर आहे, तापात कामावर न गेल्यास त्या दिवशी चूल पेटते की नाही आणि वैद्य उंबरठा ओलांडून आत येतो की बाहेरूनच परत फिरतो, या साऱ्या गोष्टी जातीनेच ठरवून ठेवल्या होत्या. 61.6 हा आकडा इन्फ्ल्युएंझाचा जेवढा आहे, तेवढाच तो अस्पृश्यतेचा आहे.

मध्य प्रांत व वऱ्हाड हा साथीचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. महायुद्धामुळे धान्य व कापड आधीच महागले होते आणि अनेक डॉक्टर लष्करी सेवेत गुंतले होते. साथीचा कहर नेमका खरिपाच्या कापणीच्या आणि रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत झाला. मृतांत 20 ते 40 या वयोगटातील माणसांचे प्रमाण मोठे होते. पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. आजाऱ्याची शुश्रूषा त्यांच्याच माथी होती आणि ताटातले अखेरचे अन्नही त्यांच्याच वाट्याला येई. ज्या घरातील कमावता पुरुष व राबणारी स्त्री एकाच महिन्यात गेली, त्या घराची आर्थिक हानी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती सावकाराच्या वहीत दिसते.

राज्यकर्त्यांचा प्रतिसाद समजण्यासाठी आणखी दोन दशके मागे जावे लागते. 1896 साली मुंबईत प्लेग आला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. या कायद्याने सरकारला घरझडतीचे व सक्तीच्या विलगीकरणाचे अमर्याद अधिकार दिले. रुग्णास मात्र त्याने कोणताही हक्क दिला नाही. याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ रुग्णसेवा केली आणि त्या सेवेतच संसर्ग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले होते, ही हकीकत वाचकांस परिचित आहे.

प्लेगनंतर 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे व कामगारांसाठी चाळी बांधणे हे तिचे काम. पाडलेल्या घरांतील सर्व गरिबांना नव्या चाळींत जागा मिळाली असे नाही. तथापि, परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब अनेक वर्षे राहत होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. मानमोडी ओसरत असताना, नोव्हेंबर 1918 मध्ये, बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. 27 जानेवारी 1919 रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. या साक्षीचा साथीशी थेट कार्यकारणसंबंध जोडणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु 1919 च्या कायद्याने सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतिक मंत्र्यांकडे सोपवला, तेव्हा दवाखाना कोठे काढायचा आणि नळ कोणत्या वस्तीस द्यायचा हे कायदेमंडळात कोण बसते यावर अवलंबून राहू लागले. प्रतिनिधित्वाचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न होता, तो या अर्थाने.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. रतनसुत्ताच्या अट्ठकथेत वैशालीच्या आपत्तीचे जे वर्णन आहे, त्यातील क्रम विचारात घेण्याजोगा आहे. आधी पाऊस गेला व दुष्काळ पडला. मग प्रथम दरिद्री माणसे मेली व त्यांची प्रेते नगराबाहेर टाकण्यात आली. रोगाची साथ त्यानंतर पसरली. कथेतील अमनुष्यांचा भाग बाजूला ठेवला तरी दुष्काळ, दारिद्र्य आणि रोग ही साखळी अट्ठकथाकारास स्पष्ट दिसत होती.

नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण 11 मार्च 2020 रोजी आढळला. दोनच दिवसांनी महाराष्ट्र शासनाने तोच 1897 चा कायदा लागू केला. देशव्यापी टाळेबंदीत हातावर पोट असणाऱ्यांची मिळकत एका रात्रीत थांबली. देशाच्या मध्यावरील या शहरातून जाणाऱ्या महामार्गांवर गावाकडे पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा लागल्या. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना गृहसंकुलांची दारे बंद झाली. कचरा उचलणाऱ्यांना आणि स्मशानघाटावरील कामगारांना मात्र घरी बसण्याची मुभा नव्हती. त्या वर्षी दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळाही रद्द झाला. एप्रिल 2021 मध्ये नागपूर जिल्ह्यात दिवसाला 7,000 हून अधिक नवे रुग्ण आढळत होते आणि खाट मिळवण्यासाठी ओळख, पैसा किंवा वाहन यांपैकी काहीतरी हाताशी असावे लागत होते. 1947 साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय नसते तर गरिबांचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

तरीही 1918 आणि 2021 यांत एक विलक्षण फरक आहे. परकीय राजवटीतील मुंबईत ‘61.6’ हा आकडा नोंदला गेला, म्हणून तो आज आपल्या हाती आहे. कोविडच्या दैनंदिन शासकीय पत्रकांत वय, लिंग व सहव्याधी यांचा उल्लेख येई. जात, व्यवसाय व वस्ती यांनुसार मृत्यूंचे कोष्टक त्यांत नसे. प्रमाण समान होते की विषम, हे या पत्रकांवरून सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ज्या विहारांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमांच्या वह्या ठेवल्या असतील, त्यांतील 2020 व 2021 ची पाने नाव, वय, व्यवसाय, वस्ती आणि उपचार कोठे मिळाला किंवा मिळाला नाही, अशा रकान्यांत उतरवून घेणे शक्य आहे. माहिती सांगणारे आप्त आज हयात आहेत.