चाक फिरतंय, ट्रॅक्टर जागेवर

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन गावी, इंदापूर तालुक्यात येऊन बसलो होतो. ऑक्टोबरच्या मध्यावर बारामती-इंदापूर भागात धो-धो पाऊस झाला आणि नोव्हेंबरात आमच्या उसाला तोड आली. वरून रान वाळलेलं दिसत होतं. तात्या (माझे चुलते) म्हणाले, "अजून वाफसा नाही. चार दिवस थांबू." पण टोळी एकदा गेली की परत कधी येईल याचा भरवसा नसतो. मीच शहाणपणा केला, "तात्या, पन्नास एचपीचा ट्रॅक्टर आहे, निघेल की!"

नाही निघाला. भरलेली ट्रॉली मागे आणि मागची चाकं जागेवर गरागरा फिरून एक्सलपर्यंत रुतलेली. वजन यावं म्हणून चार पोरं मागे उभी केली, तर ट्रॅक्टर अजून खाली बसला. दुसरा ट्रॅक्टर आणून टोचन लावलं, तोही घसरायला लागला. शेवटी जेसीबी.

बग आला की लॉग बघायचे, ही आमची सवय :) तर पुढचे दोन-तीन वीकेंड मी हा लॉग मागे मागे वाचत गेलो. तो शंभर-दीडशे वर्षांचा निघाला.

सुरुवात पाण्यापासून. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि या दुष्काळी काळ्या रानात ऊस आला. पुढे १९३० च्या दशकात वालचंदनगरचा खाजगी साखर कारखाना, १९५० च्या दशकात भवानीनगर आणि माळेगावचे सहकारी कारखाने. बारमाही पाण्याबरोबर चिबड जमिनीही आल्या. खोल नांगरटीला तेव्हा बैलांच्या चार-चार जोड्या जुंपायच्या. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तरी ओढायला बैलच. पण बैलाचं एक आहे, तो रुतलेला पाय उचलून पुढे टाकतो. चाकाला ते जमत नाही.

विलायतेत वाफेची इंजिनं आली, पण त्यांचं वजन इतकं की ओल्या शेतात घातली तर संपलंच. जॉन फाउलरने यावर भारी तोड काढली. इंजिन बांधावरच उभं करायचं आणि तारेच्या दोराने नुसता नांगर शेतातून ओढायचा. १८५८ साली त्याला तिथल्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचं बक्षीस मिळालं. आमच्या जेसीबीवाल्यानेही तेच केलं की! स्वतः कडक रस्त्यावर, चिखलात फक्त वायररोप.

सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना दातेरी लोखंडी चाकं असायची. रानात पकड चांगली, पण रस्त्याची वाट लागायची. १९३२ मध्ये अमेरिकेत अॅलिस-चामर्स कंपनीने 'मॉडेल यू'ला हवेचे रबरी टायर दिले आणि एकच ट्रॅक्टर शेतात आणि रस्त्यावर चालू लागला. आपल्याकडे फडातून थेट कारखान्याच्या काट्यावर जाता येतं ते यामुळे. पण ही तडजोड आहे. काळ्या मातीने टायरच्या खाचा भरल्या की तो टायर गुळगुळीतच समजायचा.

मग आला हॅरी फर्ग्युसन. हा बेलफास्टचा मेकॅनिक. त्याने नांगर मागे हुकला न अडकवता तीन दांड्यांवर आणि हायड्रॉलिक लिफ्टवर बसवला. त्यामुळे नांगराचा भार आणि मातीची ओढ मागच्या चाकांवर दाब म्हणून येते. म्हणजे काम जितकं जड, तितकी पकड जास्त. १९३९ च्या फोर्ड ९एन पासून ही पद्धत जगभर पसरली. १९६० च्या दशकात टॅफेचे मॅसी फर्ग्युसन इथे बनू लागले, तेव्हा ती आपल्याकडेही पसरली. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरला ती असते.

गंमत अशी की चार चाकी ट्रॉलीला याचा काही उपयोग नाही! ती हुकला नुसती ओढ देते, वजन देत नाही. म्हणून नांगरताना वाघ असलेला ट्रॅक्टर ट्रॉलीला शेळी होतो.

आता ढोबळ हिशोब. ताशी ५ किमी वेगाला ५० एचपी म्हणजे कागदावर अडीच टनांच्या वर ओढ. पण ट्रॅक्टरचं वजन दोन टन, त्यातलं मागच्या चाकांवर १,३०० किलो. कडक रानात त्यातून ९०० किलोपर्यंत ओढ मिळेल, चिखलात ४०० मिळाली तरी खूप. उलट दहा टनांची ट्रॉली डांबरी रस्त्यावर २०० किलो ओढीत चालते, तिलाच चिखलात दीड-दोन टन लागतात. म्हणजे इंजिनची ताकद मातीत उतरतच नाही. एचपी वाढवून फक्त चाक जोरात फिरतं. कंपन्यांच्या पत्रकातले ओढीचे आकडेसुद्धा काँक्रीटच्या ट्रॅकवरच्या चाचणीचे असतात.

आणि ती चार पोरं? मातीची पकड दोन गोष्टींवर असते, घर्षण आणि चिकटपणा. घर्षण वजनाने वाढतं. चिकटपणाला वजन नाही, टेकलेली जागा लागते. ओल्या काळ्या मातीत घर्षण जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे टायरमध्ये पाणी भरणं, पुढे वजनं लावणं वगैरे एरवीचे बरोबर उपाय तिथे उलटे पडतात. फोर व्हील ड्राइव्ह थोडं पुढे नेतो, कारण पुढच्या चाकांवरचं वजन आणि त्यांची टेकलेली जागाही कामाला येते. बस तेवढंच.

ट्रॉली निघाली, कारखान्याला गेली, बिलही आलं. पण पुढच्या वर्षी खोडव्यात त्या चाकोरीतल्या चार सऱ्या गुडघ्याएवढ्याच राहिल्या. खाली माती दबून दगड झाली होती, मुळं जाणार कुठून? तात्या मला त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

वाफसा म्हणजे काय हे मला आता कुठे कळलं. ढेकूळ मुठीत दाबलं की ना चिकटतं ना दगडासारखं राहतं, अलगद फुटतं. ज्या प्रश्नावर फाउलर आणि फर्ग्युसनने आयुष्य घालवलं, त्याचं अर्धं उत्तर तात्यांच्या मुठीत होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे टोळी चार दिवस थांबेल का, हे मात्र अजून कुणाच्याच हातात नाही.

असो. यंदा तोड आली तेव्हा मी आधी फडात जाऊन ढेकूळ फोडून बघितलं.