सदुसष्ट अक्षरांचा निरोप

हौशी रेडिओवरून मजकुराची पॅकेटे पाठवण्याचा पहिला प्रयोग १९७८ मध्ये कॅनडातल्या माँट्रिऑल शहरात झाला. पुढे १९८४ मध्ये एएक्स.२५ या नियमावलीची दुसरी आवृत्ती आली आणि एका पॅकेटात २५६ बाइट मजकूर घालणे सर्वमान्य झाले. छपरावर अँटेना उभारून घरात बसलेल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, ते सोयीचे होते. दोन केंद्रे आधी एकमेकांशी जोडली जात, प्रत्येक पॅकेटाची पोच मिळे, हरवलेले पुन्हा पाठवता येई. हाल होत ते गाडीतून बोलणाऱ्याचे.

१४४ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे दोन मीटर लांब असते. इमारतींवर, टेकड्यांवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्या की साधारण दर मीटरभर अंतरावर संदेशाचा जोर एकदम ओसरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट, या नेहमीच्या गतीने २५६ बाइटचे पॅकेट जायला जवळपास दोन सेकंद लागतात. तेवढ्यात असे तीसेक खड्डे येऊन जातात. त्यात या पद्धतीत चूक दुरुस्त करण्याची सोयच नाही. शेवटच्या १६ बिटांवरून चूक झाली एवढेच कळते, आणि एक बिट बिघडला तरी अख्खे पॅकेट टाकून दिले जाते.

अमेरिकेत ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी यावर वेगळाच मार्ग काढला. १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोडदौडीत घोडे कुठवर पोहोचले हे कळवण्यासाठी त्यांनी व्हिक-२० हा घरगुती संगणक वापरला होता. त्याच धाग्यातून वाढलेली एपीआरएस ही पद्धत १९९२ च्या सुमारास नावारूपाला आली. तिच्यात जोडणी नाही. पॅकेट सर्वांसाठी हवेत सोडायचे, ज्याला मिळेल त्याला मिळेल. मात्र उत्तर अमेरिकेत सगळ्यांना मिळून १४४.३९ मेगाहर्ट्‌झ ही एकच वाहिनी. एकाने दोन सेकंद अडवली तर बाकीच्यांनी थांबायचे, आणि टेकडीपलीकडच्याला पहिल्याचे ऐकूच येत नसेल तर दोघांची पॅकेटे आदळायची. त्यामुळे आखूडपणा हा इथे शेजारधर्मही होता.

ऑगस्ट २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपीआरएसच्या पहिल्या लेखी मानकात या आखूडपणाचे मोजमाप स्पष्ट दिसते. आधी अपूर्णविराम, मग ज्याला निरोप द्यायचा त्याच्यासाठी नेमकी नऊ घरे: सहा अक्षरांपर्यंतचा कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव), आडवी रेघ आणि १५ पर्यंतचा आकडा. गाडीसाठी ९ हा आकडा घेण्याचा रिवाज आहे. पत्ता छोटा असेल तर उरलेली घरे रिकामी सोडायची, पण नऊ भरायचीच. पुन्हा अपूर्णविराम, आणि मग मजकूर, जास्तीत जास्त ६७ अक्षरे. शेवटी पाच अक्षरांपर्यंतचा क्रमांक जोडला की पलीकडचे यंत्र त्या क्रमांकाची पोच धाडते. पोच आली नाही तर निरोप पुन्हा सुटतो. हे सगळे धरून पॅकेट पाऊण सेकंदाच्या आसपास संपते.

काटकसरीचा खरा कळस मात्र माइक-ई या रूपात आहे. बोलणे संपवून माइकचे बटण सोडले की शेपटाला क्षणभर कुरकुर ऐकू येते. तेवढ्यात गाडीचा ठावठिकाणा गेलेला असतो. सर्वांसाठीच्या पॅकेटाला पत्त्याची गरज नसते, म्हणून त्या मोकळ्या जागेत अक्षांश भरले. रेखांश, वेग, दिशा आणि नकाशावरची खूण मूळ मजकुराच्या नऊ बाइटांत बसवली. शिवाय पत्त्यातच दडवलेल्या तीन बिटांतून आठ ठरावीक निरोप निघतात: वाटेत आहे, परतीला लागलो, कामावर नाही, अगदी आणीबाणीसुद्धा. भारतात तारखात्याच्या शुभेच्छांना क्रमांक असत, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे आकडासुद्धा लिहावा लागत नाही.

मानक ६७ म्हणत असले तरी हातातली यंत्रे तेवढी उदार नव्हती. १९९८ च्या सुमारास आलेल्या केनवूडच्या टीएच-डी७ या हातसंचात निरोपाला ४५ अक्षरांचीच मुभा होती, आणि ती मोजक्या बटणांवरून एकेक करून टिपायची. पलीकडे असा संच आहे हे माहीत असले की संगणकावर बसलेला हॅमही ४५ च्या आत आटपतो. मोठा मजकूर तुकडे करून पाठवता येतो, पण प्रत्येक तुकड्याची पोच वेगळी, आणि दुसरा तुकडा पहिल्याच्या आधी पोहोचणार नाही याची हमी नाही.