१९ डिसेंबर १९४९ : राजवाड्यात भरलेले विद्यापीठ

जावा बेटावरील योग्यकार्ता या राजनगरीत या दिवशी गाजा मादा विद्यापीठाची स्थापना झाली. बरोबर वर्षापूर्वी, १९ डिसेंबर १९४८ रोजी, डच फौजांनी इंडोनेशियन प्रजासत्ताकाच्या या तत्कालीन राजधानीवर हल्ला करून प्रजासत्ताकाचे नेते सुकार्णो आणि हट्टा यांना कैद केले होते. त्याच तारखेला विद्येचे दार उघडावे, याचे मोल विलक्षण आहे. विद्यापीठाला स्वतःची वास्तू नव्हती. योग्यकार्ताचे नववे सुलतान हमेंगकुबुवोनो यांनी राजवाड्यातले पगेलारान आणि सितिहिंगिल हे दरबारी मंडप वर्गांसाठी खुले केले. वायांग (छायानाट्य), गामेलान (वाद्यवृंद) आणि नृत्य जपणाऱ्या घराण्याचे हे औदार्य फार मोठे. मजापहित साम्राज्याचे महामंत्री गाजा मादा यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. विद्यापीठाचा बुलाकसुमुर येथील स्वतःचा परिसर पुढे उभा राहिला. स्थापनेच्या वेळी डचांकडून अधिकृत सत्तांतर व्हायला अजून आठ दिवस होते.