दुष्काळी मदत : कसोटी आणि हक्क

बेळगाव जिल्ह्याचे पर्जन्यमान मोठे विषम आहे. पश्चिमेला खानापूरच्या बाजूस पावसाची रेलचेल, तर पूर्वेला अथणी, गोकाक, सौंदत्ती हा मुलूख कोरडा. मुंबई इलाख्याच्या काळात येथील दारिद्र्य सरकारदरबारी नोंदले गेले, ते प्रामुख्याने दुष्काळाच्या निमित्ताने.

१८७६-७७ च्या दुष्काळाने जिल्हा होरपळून निघाला. १८७२ मध्ये नऊ लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८८१ च्या शिरगणतीत सुमारे ८ लाख ६४ हजारांवर आली. अंगमेहनत करू शकणाऱ्याला खडी फोडण्याचे वा मातीकामाचे काम आणि जेमतेम पोट भरेल एवढी मजुरी, हे तेव्हाच्या मदतीचे सूत्र होते. सर रिचर्ड टेंपल यांनी तर पुरुष मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे पुरेसे ठरविले. या कपातीविरुद्ध १८७७ च्या आरंभी इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

या धोरणामागे इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याचीच दृष्टी होती. मदत इतकी कष्टप्रद असावी, की खरा गरजूच तेवढा ती मागावयास येईल! परंतु उपासमारीने खंगलेल्या माणसाची कष्टाने परीक्षा घेणे म्हणजे त्याचे उरलेसुरले बळही हिरावून घेणे होय.

स्ट्रेची आयोगाच्या १८८० च्या अहवालानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. दुष्काळी कामे, दुर्बलांना फुकट शिधा, महसुलाची तहकुबी यांचे नियम त्यांत होते. पण इंग्रजीतले नियम कुणब्याला कोण सांगणार? १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ते मराठीत समजावून दिले. सरकारला हे रुचले नाही. १८९७ मध्ये सभेची सरकारमान्यता काढून घेण्यात आली. निपाणीलगतच्या कोल्हापूर संस्थानात मात्र याच काळात राजर्षी शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने व निराधारांसाठी आश्रयस्थाने उघडली आणि दुष्काळी कामावरील स्त्रियांच्या मुलांसाठी शिशुगृहांची सोय केली. गरजूची परीक्षा न पाहताही मदत पोहोचविता येते, याचा हा शेजारचाच दाखला होता.

पुढे १९०१ च्या मॅक्डोनेल आयोगाने वेळीच तगाई देऊन शेतकऱ्याचा धीर टिकविण्यावर भर दिला. १९०८ मध्ये इंग्लंडने सत्तरी गाठलेल्या गरिबांना निवृत्तिवेतन देणारा कायदा केला. येथील श्रमिकाला कामाचा कायदेशीर हक्क मिळण्यास मात्र दीर्घ काळ लोटला. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. कर्नाटकात राहिलेल्या या सीमाभागातील ग्रामीण कुटुंबांना तसा हक्क संसदेच्या २००५ च्या कायद्याने मिळाला.

या इतिहासाचा मथितार्थ ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळचा वाटावा. नियम दप्तरात बंद होता, तोवर मदत ही सरकारची मेहेरबानी होती. तो लोकांच्या भाषेत वाचला गेला, तेव्हा तिला हक्काचे रूप येऊ लागले.