लोखंडाची भट्टी आणि वनदेव

‘मोनोनोके हिमे’ ही कथा काल्पनिक आहे; परंतु तिच्यातील भट्टी, त्या भट्टीतील लोखंड आणि त्या लोखंडापायी उजाड झालेले डोंगर हे सारे खरे आहे. हायाओ मियाझाकी (जन्म १९४१) या विख्यात दिग्दर्शकाने रचलेला हा बोलपट १२ जुलै १९९७ रोजी जपानात प्रदर्शित झाला. तो सिद्ध करण्यासाठी सुमारे १,४४,००० चित्रे काढावी लागली. चित्रे हलवून केलेला बोलपट म्हणजे मुलांची करमणूक, अशी समजूत आपल्यापैकी पुष्कळांची असते. मुले तो पाहत बसली की वडील मंडळी वर्तमानपत्र उघडतात. या बोलपटाच्या बाबतीत असे करणारा एका मोठ्या ऐतिहासिक प्रश्नास मुकेल, असे आम्हांस वाटते. त्या प्रश्नाचा मागोवा घेणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. ‘हिमे’ म्हणजे राजकन्या आणि ‘मोनोनोके’ म्हणजे माणसास झपाटणारी अमानुष शक्ती. काळ मुरोमाची युगाचा, म्हणजे स्थूलमानाने चौदाव्या ते सोळाव्या शतकांमधला. ईशान्येकडील एका आडरानातील वस्तीवर पिसाळलेला एक प्रचंड रानडुक्कर चाल करून येतो. तो सामान्य पशू नसून वराहरूपी देव असतो. अशिताका नावाचा तरुण त्यास मारतो. परंतु मरताना त्या देवाचा शाप तरुणाच्या हातास जडतो. वराहाच्या देहात लोखंडाची एक गोळी सापडते. ती कोठून आली याचा शोध घेत अशिताका पश्चिमेस जातो व एबोशी नावाच्या कर्तबगार स्त्रीने वसविलेल्या लोहारवस्तीत येऊन पोहोचतो. वस्तीसमोरच्या अरण्यात शिशिगामी हा वनदेव राहतो. लांडगीने वाढविलेली सान ही मुलगी त्या अरण्याच्या बाजूने एबोशीशी लढत असते. अखेर एबोशी वनदेवाचे शिर उडविते, अरण्य व वस्ती दोन्ही नष्ट होतात, शिर परत केल्यावर देव कोसळतो आणि उघड्या डोंगरांवर पुन्हा हिरवे कोंब फुटतात.

आता यातील इतिहास पाहू. अशिताका ज्या एमिशी लोकांपैकी आहे ते ईशान्य जपानचे जुने रहिवासी. यामातो राजसत्तेने त्यांच्याशी दीर्घकाळ युद्धे केली. ८०२ मध्ये त्यांचा नायक अतेरुई सेनापती साकानोउए नो तामुरामारो यास शरण आला आणि त्याच वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर पाचशे वर्षे लोटली तरी डोंगरात दडून राहिलेली या लोकांची एखादी वस्ती असावी, अशी मियाझाकी यांची कल्पना आहे. म्हणजे कथेचा नायकच पराभूतांचा वंशज आहे.

एबोशीची वस्ती कोण्या राजधानीत नाही, दूर डोंगरात आहे. तेथे कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या स्त्रिया भाता चालवितात आणि समाजाने टाकलेले कुष्ठरोगी बंदुका घडवितात. जपानी मध्ययुग म्हटले म्हणजे सामुराई व भातशेती करणारा कुणबी एवढीच दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. योशिहिको अमिनो (१९२८–२००४) या इतिहासकाराने हे चित्र अपुरे असल्याचे दाखविले. कारागीर, फिरस्ते, कोळी, नर्तकी, बहिष्कृत अशा लोकांचा आणि त्यांना आश्रय देणाऱ्या स्थळांचा इतिहास त्याने मांडला. मियाझाकी यांच्या वस्तीवर या विचाराची छाया स्पष्ट आहे. कुष्ठरोग्यांचा उल्लेखही सहज आलेला नाही. रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवणारा जपानचा कायदा बोलपटाच्या केवळ एक वर्ष आधी, १९९६ मध्ये, रद्द झाला होता.

एका बाबतीत मात्र दिग्दर्शकाने इतिहास जाणून उलटा केला आहे. लोहाराची देवता कानायागो ही स्त्रीदेवता. परंतु तिला स्त्रियांचा सहवास खपत नाही, अशी श्रद्धा होती व भट्टीच्या घरात स्त्रियांस प्रवेश नसे. भात्यावर पुरुष असत. ते आळीपाळीने भाता तुडवीत. पाळीने काम करणे या अर्थाचा एक रूढ जपानी शब्द या भातेकऱ्यांवरूनच आला असे सांगतात. बोलपटात त्यांच्या जागी हसणाऱ्या, गाणाऱ्या, पुरुषांस सुनावणाऱ्या स्त्रिया आहेत. तसेच एवढी मोठी, कायमच्या छपराखालील भट्टी खरे पाहता मुरोमाचीनंतरच्या काळातली आहे. दोन काळ एकत्र करण्याचे स्वातंत्र्य कथाकाराने घेतले असले, तरी भट्टीचे तत्त्व त्याने बिघडविलेले नाही.

या भट्टीस ‘तातारा’ म्हणतात. तिचे माहेरघर म्हणजे पश्चिम जपानातील चुगोकू पर्वतराजी, विशेषतः आजच्या शिमाने प्रांतातील ओकुइझुमो. तेथील कुजलेल्या ग्रॅनाइटच्या मातीत लोहवाळूचे कण असतात. डोंगर खणावयाचा, माती पाटाच्या पाण्यात लोटावयाची, हलकी माती वाहून जाते व जड लोहवाळू तळाशी बसते. मग मातीची भट्टी बांधून तिच्यात लोहवाळू व लोणारी कोळसा आळीपाळीने टाकीत तीन दिवस व तीन रात्री अखंड भाता चालवावयाचा. शेवटी भट्टी फोडून आतला तापलेला लोखंडी गोळा बाहेर ओढावयाचा. दर खेपेस भट्टी नवी. तलवारींसाठी लागणारे पोलाद आजही या रीतीने काढले जाते. १९७७ मध्ये ओकुइझुमो येथे तातारा पुन्हा सुरू करण्यात आला. तेथील एका खेपेचे आकडे बोलके आहेत: सुमारे १० टन लोहवाळू, सुमारे १२ टन कोळसा आणि हाती येणारा गोळा सुमारे अडीच टनांचा. त्यातही उत्तम पोलाद थोडेच.

म्हणजे तातारा हा लोखंडाचा धंदा असला तरी त्याचा खरा आहार लाकूड हाच होय. एका खेपेच्या कोळशासाठी साधारण एक हेक्टर रान लागे, असा हिशेब सांगतात. वर्षाकाठी साठ खेपा धरल्या तर साठ हेक्टर. शिवाय खणलेल्या डोंगराची माती नद्यांत उतरे. हिइ नदीचे पात्र अशा गाळाने इतके भरत गेले की ती भोवतालच्या शेतांहून उंच वाहू लागली आणि पुराचे भय नित्याचे झाले. मात्सुए येथील सत्तेने सतराव्या शतकाच्या आरंभी माती धुण्यास काही काळ बंदी केली. पुढे ती उठली. पावसाळ्यात शेतकऱ्याचे हित सांभाळावयाचे आणि लोखंडाचे उत्पन्नही सोडावयाचे नाही, या पेचातून निघणारे आदेश सर्व देशांत एकाच धाटणीचे असतात.

तरी येथवर ही कथा नाशाचीच आहे असे कोणी समजू नये. पुढचे प्रकरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. तानाबे, साकुराई, इतोहारा यांसारखी लोहव्यवसायी घराणी मोठमोठ्या रानांची मालक होती. रान संपले तर भट्टी विझेल हे त्यांस उमगले. म्हणून रानाचे भाग पाडून दरवर्षी एकच भाग तोडावयाचा आणि बुंध्यांना फुटलेले धुमारे तीस वर्षे वाढू द्यावयाचे, अशी फेरपालट त्यांनी बसविली. साठ हेक्टर गुणिले तीस वर्षे म्हणजे १,८०० हेक्टरांत भट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते. खणलेल्या डोंगरउतारांवर भातखाचरे झाली. तानाबे घराण्याची सुगाया येथील भट्टी १९२१ पर्यंत चालू होती. तिचे उंच घर आजही उभे आहे. एबोशी शेवटी नवी, चांगली वस्ती उभारण्याचा संकल्प करते. इतिहासात तिच्या वारसांनी तो बऱ्याच अंशी पुरा केला, असे म्हणता येईल.

राज्यकर्त्यांनीही हेच केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून किल्ले, शहरे व मंदिरे यांच्या बांधकामांनी जपानची अरण्ये झपाट्याने तुटली. १६६६ मध्ये शोगुनच्या सरकारने एक आदेश काढला. गवताझाडांची मुळे उपटल्यामुळे पावसात माती नद्यांत येते, म्हणून मुळे खणू नयेत. जेथे डोंगर उघडे पडले आहेत तेथे रोपे लावावीत. नदीपात्रात नवी शेते करू नयेत, असा त्याचा आशय होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी झाड, माती व पूर यांचा संबंध सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, हे आश्चर्य होय. किसोच्या खोऱ्यात ओवारी संस्थानाने हिनोकीसह पाच जातींची झाडे तोडण्यास मनाई केली. झाडामागे एक शिर, अशी त्या अंमलाची ख्याती होती. आजही जपानच्या भूमीचा सुमारे दोन तृतीयांश भाग वनाखाली आहे.

तर मग मियाझाकी यांस दुःख कशाचे आहे? डोंगर पुन्हा हिरवे झाल्यावर अशिताका सानला धीर देतो. परंतु अरण्य परत आले तरी ते वनदेवाचे अरण्य उरले नाही, अशा अर्थाचे ती बोलते. आमच्या मते सर्व बोलपटाचे मर्म या ठिकाणी आहे आणि इतिहास त्यास दुजोरा देतो. शासनाने व लोहव्यवसायी घराण्यांनी जे राखले ते लाकूड. किसोत कोणते झाड तोडावयाचे नाही हे ठरले ते त्याच्या इमारती उपयोगावरून. झाड हे आता कोठारातील माल झाले; त्याची मोजदाद झाली, त्यावर अधिकारी नेमले गेले. जे मोजता आले नाही त्याचे रक्षण करावयास कोणी नव्हते.

लांडग्याचे उदाहरण घ्या. डोंगरातला जपानी शेतकरी लांडग्यास देवाचा दूत मानी, कारण तो पिके खाणाऱ्या हरणांचा व रानडुकरांचा शत्रू. मित्सुमिने येथील देवस्थानात सिंहांच्या जागी लांडग्यांच्या मूर्ती आहेत. पुढे रोगराई आली, समजुती पालटल्या, बंदुका आल्या. उत्तरेस होक्काइदोत १८७० च्या दशकात पशुपैदाशीच्या केंद्रांसाठी लांडग्यांना विष घालण्यात आले व मारेकऱ्यांस सरकारी बक्षिसे देण्यात आली. मुख्य जपानी बेटांवरील लांडग्याचा शेवटचा निश्चित नमुना १९०५ मध्ये नारा प्रांतात एका परदेशी संग्राहकाने विकत घेतला. सानची आई म्हणून मोरो ही लांडगी पडद्यावर येते तेव्हा जपानी प्रेक्षक आपल्या देशातून समूळ गेलेल्या प्राण्यास पाहत असतो. आज तेथील वनाधिकाऱ्यांची मोठी चिंता म्हणजे बेसुमार वाढलेली हरणे व त्यांनी खाल्लेली रोपे!

दुसरे उदाहरण महायुद्धानंतरचे. युद्धात व पुनर्रचनेत तुटलेल्या डोंगरांवर शासनाने मोठ्या निष्ठेने लागवड केली. जुनी पानझडी राने तोडूनही तेथे सुगी व हिनोकी लावले. आपल्या भाषेत सुगी म्हणजे कापणीचे दिवस. जपानीत ते एका सूचिपर्णी वृक्षाचे नाव आहे. दैवयोग असा की या सुगीची सुगी आलीच नाही. १९६४ मध्ये इमारती लाकडाची आयात पूर्ण खुली झाली, स्वस्त परदेशी लाकूड आले आणि देशी लागवड न विरळता तशीच उभी राहिली. आज अशी लावलेली वने सुमारे एक कोटी हेक्टर, म्हणजे एकूण वनांच्या चार दशांश आहेत. दर वसंतात त्यांच्या परागांनी लक्षावधी लोकांस शिंका व डोळ्यांची जळजळ यांचा त्रास होतो. कागदावर हे सारे वनच आहे.

बोलपटाच्या चित्रकारांनी शिशिगामीच्या अरण्यासाठी दक्षिणेकडील याकुशिमा बेटाचा अभ्यास केला. तेथे हजार वर्षांहून जुने सुगी वृक्ष आहेत आणि १९९३ मध्ये त्या वनास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु तेही अस्पर्श नाही. एदो काळात तेथील सरळ वृक्ष छपराच्या फळ्यांसाठी तोडले गेले. वेडेवाकडे, पोकळ, गाठाळ वृक्ष निरुपयोगी म्हणून मागे राहिले. आज ज्यांच्या दर्शनास लोक जातात त्यांतील बरेचसे ते हेच. जे वाचले ते कोणाच्या हिशेबात न बसल्यामुळे वाचले!

आपल्या सह्याद्रीतील देवराईतही फांदी तोडू नये, वाळके लाकूडही उचलू नये, असा धाक होता. त्या धाकात अज्ञान होते हे खरे. पण कोणते झाड उपयोगाचे हा प्रश्न तेथे विचारलाच जात नसे, हेही तितकेच खरे. बोलपटात वनदेवाचे शिर मिळविण्यासाठी आलेल्या माणसाजवळ सम्राटाची लेखी परवानगी असते, ही गोष्ट कागदावर जगणाऱ्या आम्हां मंडळींच्या नजरेतून सुटू नये. त्याचबरोबर १६६६ चा आदेशही कागदच होता, हे विसरून चालणार नाही. तो नसता तर जपानचे डोंगर कदाचित बोडके राहिले असते. आदेशाने झाडे वाचविता येतात. वनात आणखी काय काय राहते याची नोंद मात्र आदेश काढणाऱ्याने आधी करावयास हवी. लांडगा गेल्यावर ती करून उपयोग नसतो.