पेड सॉफ्टवेअर की ओपन सोर्स? नेहमीच्या वादातले मुद्दे आणि मराठी फाइलींचा धडा

विंडोज चांगलं की लिनक्स? एमएस ऑफिस घ्यावं की लिबरऑफिस? हा वाद हॉस्टेलच्या खोलीत सुरू होतो, नोकरी लागल्यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये चालू राहतो आणि कुठेच संपत नाही. एक बाजू म्हणते, पैसे मोजले की डोक्याला ताप नाही. दुसरी म्हणते, ज्याचा कोड दिसत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? यवतमाळला इंजिनिअरिंग करताना मी दुसऱ्या बाजूने भरपूर भांडलो आहे.

माझं मत थोडं बदललं ते दिग्रसच्या एका डीटीपी दुकानात. तो किस्सा पुढे येईलच. त्याआधी या वादात वापरले जाणारे शब्द, त्याचा थोडा इतिहास आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे किती टिकतात ते पाहू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे खूप घोळ होतो. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. ते वेगळेच ठेवले तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

• प्रोप्रायटरी किंवा पेड सॉफ्टवेअर: कोड कंपनीकडे असतो. आपण विकत घेतो ती फक्त वापरायची परवानगी, म्हणजे लायसन्स. उदा. विंडोज, फोटोशॉप, टॅली.
• फ्रीवेअर: पैसे लागत नाहीत, पण कोड बंदच. व्हॉट्सॲप फुकट आहे, मुक्त नाही.
• ओपन सोर्स: कोड पाहायची, बदलायची आणि पुढे वाटायची परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली असते. उदा. लिनक्स, फायरफॉक्स, लिबरऑफिस. हे फुकटच असलं पाहिजे असं नाही. रेड हॅट कंपनी लिनक्सच्या सपोर्टचे पैसे घेऊनच मोठी झाली. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे आणि कंपनी सेवा विकून चालते.
• पायरेटेड कॉपी: हिच्याबद्दल वादात कोणी बोलत नाही, पण आपल्याकडे ती सगळीकडे असते. "मी पेड सॉफ्टवेअरवाला" म्हणणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात एक रुपयाही दिलेला नसतो. पेड आणि ओपन सोर्सच्या खर्चाची तुलना करताना हे आधी कबूल केलेलं बरं.

वाद आला कुठून?

फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी कॉम्प्युटरवाल्यांना एक जाहीर पत्र लिहिलं. तुम्ही आमचं बेसिक पैसे न देता कॉपी करता, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहायला कोण वेळ घालवेल, असा त्याचा आशय होता. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बरोबर उलटी भूमिका घेऊन जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये जीपीएल हे लायसन्स आलं. त्याची मुख्य अट अशी: कोड घ्या, बदला, पण वाटणार असाल तर तुमचे बदलही उघडे ठेवा. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्स आणलं आणि १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव रुळलं.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला चक्क कॅन्सरची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय दिली आणि २०१८ मध्ये गिटहब साडेसात अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. म्हणजे ज्या कंपन्यांची नावं घेऊन आपण भांडतो, त्या कधीच पुढे निघून गेल्या आहेत.

नेहमीचे मुद्दे किती टिकतात?

१. "कोड उघडा आहे म्हणून सुरक्षित" विरुद्ध "पैसे दिले म्हणून सुरक्षित"

दोन्ही अर्धवट खरं. ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक उघड्या कोडमध्ये सुमारे दोन वर्षं पडून होती. ती २०१४ मध्ये सापडली. कोड सगळ्यांना दिसत होता, पण बघत कोण होतं? दुसरीकडे मे २०१७ च्या 'वॉनाक्राय' हल्ल्यात जगभरातले विंडोज कॉम्प्युटर अडकले. त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता, पण अनेकांनी टाकलाच नव्हता. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या पेड सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले.

सगळ्यात बोलकं उदाहरण मार्च २०२४ चं. लिनक्समधल्या 'एक्सझेड' या छोट्या टूलमध्ये कोणीतरी मुद्दाम मागचं दार घुसवलं होतं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेवरून ते शोधून काढलं अँड्रेस फ्रॉइंड यांनी. ते नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये. कोड उघडा होता म्हणून त्यांना आत शिरून पाहता आलं, हा ओपन सोर्सवाल्यांचा मुद्दा. पण ते टूल सांभाळायला जवळपास एकटा माणूस होता, तोही बिनपगारी, हा समोरच्यांचा मुद्दा. दोन्ही खरे आहेत.

२. "ओपन सोर्स फुकट पडतं"

लायसन्स फुकट पडतं, सवय बदलणं फुकट नसतं. आपल्याकडे एमएस-सीआयटी करताना बहुतेकांचा हात विंडोज आणि एमएस ऑफिसवर बसला. सीए टॅलीचा डेटा मागतो. यवतमाळ, पुसद, वणी अशा गावांत प्रिंटर अडला तर विंडोजवाला मेकॅनिक तासाभरात येतो. लिनक्सवाला शोधावा लागतो. हा पेड बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे आणि ओपन सोर्सवाले तो उगाच हसण्यावारी नेतात. पण सवय ही शिकवण्यातून येते, हेही खरं. केरळने सरकारी शाळांमध्ये लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकवला, तिथल्या मुलांना ते अवघड वाटत नाही.

३. "बनवणाऱ्याने सोडून दिलं तर?"

इथे खरा फरक दिसतो. डीटीपीवाल्यांच्या लाडक्या पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. पुढचं काम कंपनीने इनडिझाइनवर वळवलं आणि वापरणाऱ्यांच्या हातात काही नव्हतं. ओपनऑफिसचं उदाहरण उलट आहे. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा डेव्हलपरांनी तोच कोड घेऊन लिबरऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. वापरणाऱ्यांच्या फाइली तशाच उघडत राहिल्या. अर्थात, कोड घेऊन पुढे चालवणारे लोक मिळाले म्हणून हे झालं. गिटहबवर बंद पडलेले प्रोजेक्टही ढिगाने आहेत.

आता दिग्रसचं दुकान

माझ्या मामांचं दिग्रसला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा, पतसंस्थांचे अहवाल, सगळं ते पंधरा वर्षं एका पेड मराठी फॉन्ट-पॅकेजवर करत होते. कॉम्प्युटरच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक होतं, ते असलं तरच पॅकेज चालायचं. एक दिवस मदरबोर्ड गेला. नवीन कॉम्प्युटर आणला तर जुनं पॅकेज त्यावर चढेना. हार्ड डिस्क चांगली होती, एकही फाइल गेली नव्हती. पण उघडली की सगळं इंग्रजी अक्षरांचं गिचमिड.

त्यात एका निवृत्त गुरुजींनी गावोगावच्या बायांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, दोनशेच्या वर पानं. गुरुजी आता नाहीत आणि त्यांची हाताने लिहिलेली वही घरच्यांना सापडत नाही. मामा मला म्हणाले, "अरे, टाइप तर म्याच केलं होतं ना. मंग माह्यंच मले काऊन दिसत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर देताना मला माझा हॉस्टेलमधला एकही मुद्दा उपयोगी पडला नाही.

असं का होतं?

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, याचा तक्ता ठरलेला असतो. जुन्या मराठी फॉन्टनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. उदा. कृतिदेव ०१० मध्ये 'मराठी' लिहायचं तर ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या कळा दाबायच्या. स्क्रीनवर 'मराठी' दिसतं, पण फाइलमध्ये ती पाच इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. त्यातही प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात टाकला तरी वाचता येत नाही, आणि त्यात 'यवतमाळ' शोधलं तर सापडत नाही.

यात कोणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. त्या काळात ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मराठीची सोयच नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान, मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी अशा उत्पादनांनी मराठी कॉम्प्युटरवर आणली, वर्तमानपत्रं आणि छापखाने त्यावर चालले. तेव्हा फुकट पर्याय नव्हता आणि पैसे घेणाऱ्यांनीच काम करून दाखवलं.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला आकडा, कोणताही फॉन्ट वापरा. देवनागरी १९९१ पासून त्यात आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे मानक ठरवलं. लक्षात घ्या, युनिकोड हे सॉफ्टवेअर नाही. ते खुलं मानक आहे, म्हणजे सगळ्यांना पाहता आणि वापरता येईल असा जाहीर नियम.

गंमत म्हणजे, हे मानक आपल्या घरात आणायला दोन्ही बाजूंचे हात लागले. विंडोज २००० सोबत 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला. तो प्रा. र. कृ. जोशी यांनी डिझाइन केलेला आणि मायक्रोसॉफ्टने वाटलेला. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट जीपीएलखाली मोकळे केले. ते मुळात बनवले होते श्रीलिपीवाल्या मॉड्युलर इन्फोटेकनेच. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट कोणीही वापरू शकतं. जोडाक्षरं नीट जुळवून दाखवणारं 'हार्फबझ' हे ओपन सोर्स आहे. ते अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये आहे, तसंच ॲडोबीच्या पेड सॉफ्टवेअरमध्येही.

मग खरा प्रश्न कोणता?

मामांचं नुकसान पैसे दिल्यामुळे झालं नाही. त्यांचा मजकूर अशा रूपात साठवला होता की तो एकाच दुकानाच्या किल्लीने उघडायचा, म्हणून झालं. त्यामुळे "पेड की ओपन?" याआधी विचारायचा प्रश्न असा: उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तर माझा डेटा दुसरीकडे उघडेल का? ओपन सोर्समध्ये याचं उत्तर "हो" असण्याची शक्यता बरीच जास्त असते. पण पेड सॉफ्टवेअरही खुल्या फॉरमॅटमध्ये फाइल देत असेल तर ते चालतं.

सॉफ्टवेअर निवडताना हे तपासा:

१. फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह होते? ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा उघडून बघा. फक्त कंपनीच्या शब्दावर जाऊ नका.
२. मराठी मजकूर युनिकोडमध्येच आहे ना? साधी परीक्षा: कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठीच दिसलं तर युनिकोड.
३. अडलं तर तुमच्या गावात मदत कोण करेल? उत्तर 'कोणी नाही' असेल, तर फुकट सॉफ्टवेअरही महाग पडेल.
४. अपडेट येतात का? पायरेटेड कॉपीत अपडेट बंद करून ठेवायची सवय असेल, तर वॉनाक्रायचा धडा आठवा.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर:

१. मूळ फाइलीला हात लावू नका. आधी कॉपी करा, आणि त्या फॉन्टची फाइलही जपून ठेवा.
२. फॉन्टचं पूर्ण नाव आकड्यासकट लिहून ठेवा. तक्ता चुकला तर कन्व्हर्टर चुकीचंच देणार.
३. कन्व्हर्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आधी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. सगळ्यात जास्त चुका इथेच निघतात.
४. शेवटी कोणीतरी माणसाने वाचलंच पाहिजे.

मामांच्या फॉन्टसाठी एक फुकटचा कन्व्हर्टर मिळाला. ओव्या परत आल्या, पण चुका काढायला आम्हा दोघांना तीन संध्याकाळी बसावं लागलं. बोलीतले शब्द कन्व्हर्टरला नाही, मामांनाच कळत होते. आता ते पत्रिका अजूनही पेड सॉफ्टवेअरमध्येच डिझाइन करतात, कारण हात त्यावर बसलाय. टायपिंग मात्र युनिकोडमध्ये. आणि गुरुजींच्या ओव्यांची एक कॉपी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी दिली आहे. ती फाइल उघडायला कोणाचंच लायसन्स लागत नाही.